जुनी सायकल आणि तिचे आटे

ज्या जागेत दुरुस्तीची हत्यारे, सायकल अडकवून ठेवण्याचे स्टँड आणि जुन्या सुट्या भागांचा साठा कोणालाही अल्प देणगी देऊन किंवा काही तास श्रम करून वापरता येतो, आणि जेथे जाणकार माणूस सायकल स्वतः दुरुस्त करून देण्याऐवजी ती कशी दुरुस्त करावी हे समोरच्याला शिकवतो, त्या जागेला सायकलींची सामुदायिक कार्यशाळा म्हणतात. अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांत आणि विद्यापीठांच्या गावांत अशा कार्यशाळा असून तेथे त्यांना ‘बाइक को-ऑप’ असे नाव रूढ आहे. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सहकाराचा ज्यांना जवळून परिचय आहे, त्या मराठी वाचकाने या नावातील ‘को-ऑप’ हा शब्द मात्र थोडा सैल अर्थाने घ्यावा, कारण यांपैकी थोड्याच संस्था कायद्याच्या दृष्टीने सभासदांच्या मालकीच्या सहकारी संस्था आहेत. बहुसंख्य कार्यशाळा नफा न कमावणाऱ्या धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेल्या असतात, आणि त्यामुळे त्यांना जुनी सायकल दान देणाऱ्यास अमेरिकेच्या नियमांनुसार प्राप्तिकरात वजावट मागता येते. दानात आलेल्या या सायकली आणि त्यांचे भाग विकून जो पैसा उभा राहतो, त्यातूनच जागेचे भाडे, ग्रीस, तारा आणि ट्यूब यांचा खर्च बऱ्याच अंशी भागतो. वरवर पाहता हा जुन्या मालाचा साधा व्यापार वाटतो. परंतु कोणता भाग कोणत्या सायकलीला बसेल याचे ज्ञान हे या व्यापाराचे खरे भांडवल असते आणि ते कोणत्याही किंमतपत्रकात सापडत नाही.

सायकल ही सर्वांची असावी, या विचाराचा पहिला गाजलेला प्रयोग १९६५ मध्ये ॲम्स्टरडॅम शहरात झाला. ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या चळवळीने, मुख्यतः लुड शिमेलपेनिंक यांच्या कल्पनेनुसार, काही सायकली पांढऱ्या रंगवून कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या आणि वाटेल त्याने त्या वापराव्यात असे जाहीर केले. कुलूप नसलेली सायकल म्हणजे चोरीला निमंत्रण, असे कारण देऊन पोलिसांनी त्या उचलून नेल्या. १९९४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात पिवळ्या सायकलींचा असाच प्रयोग झाला आणि तोही चोरी व मोडतोड यांमुळे फार काळ टिकला नाही. ज्या सायकलीला मालक नाही तिची निगा कोण राखणार, हा प्रश्न या दोन्ही प्रयोगांना सोडवता आला नाही. सामुदायिक कार्यशाळांनी तो वेगळ्या बाजूने हाताळला, म्हणजे त्यांनी सायकल एकाच्या मालकीची ठेवली आणि हत्यारे व विद्या सामाईक केली. बोस्टनची, १९८४ साली सुरू झालेली ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ ही संस्था प्रारंभी निकाराग्वा देशाला जुन्या सायकली पाठवण्यासाठी स्थापन झाली होती, आणि पुढे तिने शहरातील मुलांना एक सायकल दुरुस्त करायला शिकवून तीच सायकल त्यांना बक्षीस देण्याचा उपक्रम चालवला. लॉस एंजेलिसमधील ‘बायसिकल किचन’ या कार्यशाळेचा आरंभ खरोखरच एका सदनिकेच्या स्वयंपाकघरात झाला आणि तेच नाव तिला कायमचे चिकटले. २००४ पासून या कार्यशाळांचे कार्यकर्ते ‘बाइक! बाइक!’ नावाच्या संमेलनात एकत्र जमू लागले. त्याचे पहिले अधिवेशन न्यू ऑर्लीन्सला भरले होते.

या कार्यशाळांकडे जुन्या सायकलींचा ओघ एवढा मोठा का, याचे उत्तर १९७० च्या दशकात सापडते. त्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत प्रौढांमध्ये सायकलीची विलक्षण लाट आली. १९७० मध्ये सुमारे ७० लाख सायकली विकल्या गेल्या होत्या, तो आकडा १९७३ मध्ये सुमारे १ कोटी ५० लाखांवर गेला आणि १९७५ मध्ये लाट ओसरून पुन्हा जवळजवळ निम्म्यावर आला. या काळात सर्वाधिक मागणी ‘टेन-स्पीड’ सायकलीला होती, म्हणजे जिच्या पॅडलांपाशी दोन आणि मागच्या चाकावर पाच दातेचक्रे असल्यामुळे दहा प्रकारे गती जुळवता येते अशा वाकड्या हँडलच्या सायकलीला. देशी कारखान्यांना ही मागणी पुरवता येईना, म्हणून इंग्लंडमधून रॅले, फ्रान्समधून प्यूजो आणि मोटोबेकान, इटलीतून बियांकी आणि जपानमधून फुजी व निशिकी अशा नाना देशांच्या सायकली एकाच बाजारात उतरल्या. उत्साहाने घेतलेल्या यांतील असंख्य सायकली थोड्याच वर्षांत गॅरेजच्या भिंतीला टांगल्या गेल्या आणि घर बदलताना किंवा वडिलांच्या पश्चात घराची आवराआवर करताना त्या कार्यशाळेच्या दारी येऊन पोहोचल्या.

अशी एखादी सायकल दारात आली की पहिली परीक्षा तिच्या सांगाड्याची होते, कारण बाकीचे सर्व भाग बदलता येतात आणि सांगाडा म्हणजेच सायकल असते. समोरून धडक बसलेल्या सायकलीत हँडलखालच्या उभ्या नळीला मिळणाऱ्या दोन नळ्यांच्या खालच्या बाजूस बारीक फुगवटा किंवा सुरकुती उमटते, रंगाला तेथे आडवा तडा जातो, आणि पुढचा चिमटा किंचित मागे सरकलेला दिसतो. हे चिन्ह दिसल्यावर रंग कितीही चकचकीत असला तरी ती सायकल विक्रीस ठेवणे धोक्याचे ठरते. पुढची परीक्षा धातूची असते. १९३५ मध्ये इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ नावाची नळी बाजारात आणली. ही नळी टोकांना, जेथे जोड येतो तेथे, जाड आणि मधल्या लांबीत पातळ ओढलेली मिळत असे, आणि या युक्तीमुळे सांगाडा हलका असूनही सांध्यांशी मजबूत राहत असे. सांगाड्यावर चिकटवलेली नळीच्या कंपनीची पट्टी खोटीही असू शकते, म्हणून जाणकार माणूस सीटखालची दांडी बाहेर काढून तिचा व्यास मोजतो; तो २७.२ मिलिमीटर भरला तर नळी बहुधा उत्तम प्रतीची असते आणि २६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरला तर जाड, स्वस्त नळी असण्याचा संभव अधिक. शिकागोच्या श्विन कंपनीची ‘व्हार्सिटी’ आणि ५३१ नळीची शर्यतीची सायकल दुरून सारख्याच दिसल्या तरी पहिलीचे वजन १७-१८ किलो आणि दुसरीचे १० किलोच्या आसपास भरते, हे हातात उचलल्यावर लगेच कळते. तथापि व्हार्सिटीला हलके लेखणे अन्यायाचे होईल; ती सायकल जवळजवळ मोडतच नाही, आणि रोज कामावर जाण्यासाठी पहिल्यांदाच सायकल घेणाऱ्या माणसाला तिच्याइतकी विश्वासू सोबत थोड्या पैशांत मिळणे कठीण.

सायकलीचे वय ठरवण्यासाठी सांगाड्यापेक्षा तिचे भाग अधिक बोलके असतात. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गतींच्या हबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या फिरत्या भागावर, तो तयार झाल्याचे वर्ष आणि महिना कोरलेला असतो, म्हणजे ‘६६’ आणि ‘८’ हे अंक दिसले तर हब ऑगस्ट १९६६ चा समजावा. जपानच्या शिमानो कंपनीच्या भागांवर दोन रोमन अक्षरांची जोडी असे. तिच्यातील पहिले अक्षर १९७६ पासून मोजलेले वर्ष दाखवते आणि दुसरे महिना. अर्थात सुट्या भागाचे वय म्हणजे सायकलीचे वय नव्हे, कारण चाक कधीतरी बदललेले असू शकते. परंतु दोन्ही हब, क्रँक आणि ब्रेक यांवरचे अंक एकमेकांच्या जवळपास आले तर सायकल मूळ स्थितीत आहे असे खात्रीने म्हणता येते, आणि अशी सायकल भागांसाठी मोडू नये हा नियम प्रत्येक कार्यशाळेने पाळण्यासारखा आहे.

खरी कसोटी लागते ती आट्यांपाशी. पॅडलांच्या दोन क्रँकांना जोडणारा आडवा आस ज्या आखूड, जाड नळीत छर्ऱ्यांवर फिरतो, तिला सायकलच्या धंद्यात बॉटम ब्रॅकेटचे शेल म्हणतात, आणि तिच्या दोन्ही बाजूंना आट्यांनी कप बसवलेले असतात. इंग्लंडच्या बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, अर्थात बीएसए, या कंपनीच्या मापावरून रूढ झालेल्या पद्धतीत या कपाचा व्यास १.३७० इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर, आणि इंचाला २४ आटे असतात. फ्रेंच कपाचा व्यास ३५ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर. इटालियन कपाचा व्यास ३६ मिलिमीटर, परंतु आटे इंचाला २४, म्हणजे एकाच भागात मेट्रिक आणि इंग्रजी मापांची सरमिसळ. ३४.८ आणि ३५ यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि तेथेच अनर्थ होतो, कारण फ्रेंच कप इंग्रजी शेलमध्ये एक-दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि तो पान्याच्या जोरावर पुढे रेटला की शेलचे आटे कायमचे झिजतात व चांगला सांगाडा निकामी होतो.

याहून मोठा घोटाळा दिशेचा आहे. इंग्रजी पद्धतीत साखळीच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, म्हणजे तो कप काढण्यासाठी पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. इटालियन आणि फ्रेंच पद्धतींत दोन्ही बाजूंचे आटे सरळ असतात. स्विस पद्धतीत माप फ्रेंच असले तरी साखळीकडचे आटे उलटे असतात, आणि मोटोबेकानच्या १९७० च्या दशकातील काही सायकलींत हीच स्विस पद्धत आढळते. उलट्या आट्यांमागचे कारण समजण्यासाठी मुठीत पेन्सिल किंचित सैल धरून तिचे बाहेरचे टोक गोल फिरवून पाहावे. टोक ज्या दिशेने फिरते त्याच्या उलट दिशेने पेन्सिल मुठीत स्वतःभोवती हळूहळू वळते. सायकलस्वाराच्या पायाचा भार फिरत्या जागी पडत असल्यामुळे आट्यांत बसलेला भागही तसाच अतिशय सावकाश उलट सरकतो, आणि आटे चुकीच्या दिशेचे असतील तर तो आपोआप सुटतो. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात ते याच कारणाने, आणि साखळीकडचा सरळ आट्यांचा इटालियन कप फार जोराने आवळावा लागतो तोही याच कारणाने. हे ठाऊक नसलेला माणूस इंग्रजी कप सोडवण्याच्या समजुतीने अर्धा तास तो आणखी आवळत बसतो, आणि शेजारच्या स्टँडवरच्या स्वयंसेवकाने एका वाक्यात सांगितल्यावर त्याचे काम अर्ध्या मिनिटात होते. अशा कार्यशाळेचे मोल या एका वाक्यात सामावलेले आहे.

पॅडलांतही हाच भेद दिसतो. प्रचलित आट्यांचा व्यास ९/१६ इंच, तर जुन्या फ्रेंच पॅडलचा १४ मिलिमीटर. फ्रेंच पॅडलांवर उजव्या-डाव्यासाठी इंग्रजी ‘आर’ आणि ‘एल’ ऐवजी ‘डी’ आणि ‘जी’ ही अक्षरे कोरलेली असतात, कारण त्या भाषेत उजव्याला ‘द्र्वा’ आणि डाव्याला ‘गोश’ म्हणतात. फ्रेंच क्रँकमध्ये नवे आटे पाडून तो प्रचलित मापाचा करता येतो, मात्र एकदा तसे केले की जुने पॅडल त्यात पुन्हा बसत नाही. हँडलची उभी दांडी इंग्रजी सायकलीत २२.२ आणि फ्रेंच सायकलीत २२ मिलिमीटरची असते. टायरच्या बाबतीत तर छापील मापावर विसंबणे म्हणजे फसवणूक ओढवून घेणेच होय, कारण ‘२६ इंच’ असे लिहिलेले टायर किमान चार वेगवेगळ्या व्यासांच्या रिमांसाठी बनत आले आहेत. २६ × १ ३/८ हे एकच माप इंग्रजी सायकलीत ५९० मिलिमीटरच्या आणि श्विनच्या काही सायकलींत ५९७ मिलिमीटरच्या रिमेला लावलेले असे. म्हणून आता टायरवर ‘३७-५९०’ अशी जोडी छापतात, जिच्यातील पहिली संख्या टायरची रुंदी आणि दुसरी रिमेवर टायर बसतो तेथील व्यास मिलिमीटरमध्ये दाखवते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सायकल मेकॅनिक शेल्डन ब्राउन यांनी या सर्व मापांची, त्यांतील अपवादांसह, तपशीलवार नोंद करून ती सर्वांसाठी मोफत खुली ठेवली. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी कार्यशाळांतील स्वयंसेवक अजूनही त्यांचीच कोष्टके पडताळून पाहतात.

जुन्या मालात एक वस्तू मात्र अशी आहे की जिच्यापुढे मापांचा हा सारा गोंधळ क्षणभर विसरावा, आणि ती म्हणजे वर उल्लेखिलेला स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब, त्यातही ‘एडब्ल्यू’ हा नमुना. मागच्या चाकाच्या पोटात आसावर पक्के बसवलेले २० दात्यांचे एक चक्र असते, त्याभोवती चार लहान चक्रे ग्रहांसारखी फिरतात आणि त्यांना बाहेरून ६० दात्यांचे कडे वेढते; साखळीचा जोर यांतील कोणत्या भागाला द्यायचा आणि चाकाने तो कोणाकडून घ्यायचा हे एका बारीक साखळीने ठरते, आणि त्यानुसार चाक साखळीच्या चक्राइतकेच, तीन-चतुर्थांश वेगाने किंवा एक-तृतीयांश अधिक वेगाने फिरते. १९३० च्या दशकात आलेली ही रचना इतकी सोशिक आहे की पन्नास वर्षे कोरडा पडलेला हब उघडून, धुऊन, तेलाचे थेंब सोडले की बहुधा चालू होतो. २००० मध्ये या कंपनीचा व्यवसाय तैवानच्या सनरेस कंपनीने विकत घेतला आणि हबचे उत्पादन तेथे चालू राहिले.

रॅले कंपनीच्या २८ इंची चाकांच्या, रॉड ब्रेकच्या उंच सायकली अमेरिकेत दुर्मिळ असल्या तरी अधूनमधून दानात येतात, आणि येथे या विषयाचा धागा भारताशी जोडला जातो. ज्या काळ्या उंच सायकलीवर महाराष्ट्रातील दूधवाला, पोस्टमन आणि शिक्षक यांच्या पिढ्या वावरल्या, ती याच इंग्रजी नमुन्याची सायकल आहे. इंग्लंडमध्ये हा नमुना मागे पडल्यावरही भारतीय कारखान्यांनी तो चालू ठेवला, त्यामुळे २८ × १ १/२ मापाचे, म्हणजे ६३५ मिलिमीटर व्यासाचे टायर भारतात अजूनही बनतात, आणि अशी जुनी रॅले रस्त्यावर आणू पाहणाऱ्या परदेशी माणसाला भारतीय टायरांचाही आधार मिळतो. क्रँक आसावर पक्का करणारी कॉटर पिन, जी महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या सायकल दुकानात डबाभर मिळते, तीच अमेरिकेत मोलाची वस्तू ठरते. इंग्रजी सायकलीची पिन ९.५ मिलिमीटरची आणि पुष्कळ फ्रेंच सायकलींची ९ मिलिमीटरची असते. हातोडीचे घाव घालून ती काढली तर पिन वाकते आणि छर्ऱ्यांच्या कपांवर खळगे पडतात, म्हणून चांगल्या कार्यशाळेत ती दाबयंत्राने काढण्याची शिस्त असते.

हे सारे भाग विकायचे कोणत्या भावाने, हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत वादाचा होतो. इटलीच्या कँपान्योलो कंपनीचा ‘नुओवो रेकॉर्ड’ डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा, दानाच्या पेटीत निघाला तर संग्राहक त्यासाठी चांगली रक्कम मोजतात. ही मागणी वाढण्यास टस्कनीतील गायोले गावात १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘लेरोइका’ या सायकलफेरीसारखे उपक्रम कारणीभूत आहेत, कारण तेथे १९८७ पूर्वीच्या धाटणीच्या शर्यतीच्या सायकलींनाच प्रवेश असतो आणि गती बदलण्याच्या कळा सांगाड्याच्या नळीवरच असाव्या लागतात. काही स्वयंसेवकांना वाटते की दानात आलेली वस्तू बाजारभावाने विकणे म्हणजे देणाऱ्याच्या हेतूशी प्रतारणा होय. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी पटण्यासारखा नाही. संग्राहकाकडून पूर्ण दाम घेतल्यामुळे हॉटेलात भांडी घासणाऱ्या कामगाराला दोन टायर नाममात्र किमतीत देता येत असतील, तर त्या डिरेलरचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही. जाहीर ठिकाणी विक्री करावी, जमाखर्च उघडा ठेवावा आणि स्वयंसेवकांनी निवडक माल आपसांत आधीच वाटून घेऊ नये, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते.

खरा धोका दुसरीकडे आहे. जागा अपुरी पडली की कार्यशाळा महागडे भाग कपाटात जपून ठेवतात आणि गंजलेल्या कपांचे, एकाकी पॅडलांचे, विजोड पिनांचे डबे भंगारात काढतात. या डब्यांतील वस्तूला बाजारात भाव नाही हे खरे, परंतु कँपान्योलोचा डिरेलर पैसे टाकले की दहा ठिकाणी मिळतो, आणि स्विस आट्यांचा साखळीकडचा कप किंवा ५९७ मिलिमीटरची सरळ रिम पैसे देऊनही वेळेवर मिळत नाही. ज्या विद्यार्थिनीची मोटोबेकान एका कपापायी उभी आहे, तिच्यासाठी त्या दोन डॉलरच्या कपाची किंमत पूर्ण सायकलीइतकी असते. म्हणून कार्यशाळेची श्रीमंती दर्शनी भागात टांगलेल्या रंगीत सायकलींवरून मोजण्यापेक्षा मागच्या फळीवरच्या डब्यांना मापांच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत की नाहीत, यावरून मोजणे अधिक बरोबर ठरेल.

दुरुस्तीपलीकडे गेलेला सांगाडाही लगेच भंगारात जात नाही. त्यावरून आधी चाके, ब्रेक, तारा, सीट उतरवतात; सीट जर ब्रुक्स कंपनीची ताणलेल्या चामड्याची असेल तर तिचे चामडे फाटले असले तरी तिच्या स्प्रिंगा ठेवून घेतात. सीटची ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत गंजून एकजीव झाली असेल तर ती सुटावी म्हणून तेल सोडून कित्येक दिवस तशीच ठेवतात. सर्वांत शेवटी साखळीकडचा कप निघतो, कारण तोच सर्वांत हट्टी; एक जाड बोल्ट कपातून आरपार घालून, दोन्ही बाजूंना वायसर आणि नट लावून तो घट्ट आवळतात आणि मग लांब पान्याने नट फिरवतात, तेव्हा कप पान्यातून न निसटता बोल्टबरोबरच फिरू लागतो. कोणी तो सांगाडा पुन्हा रस्त्यावर आणू नये म्हणून त्याची नळी करवतीने कापली जाते. निघालेला कप रॉकेलमध्ये धुऊन, आटे ब्रशने साफ करून व्हर्नियर कॅलिपरने मोजतात, ३५ मिलिमीटर भरला की दोन आट्यांमधले अंतर पाहतात, आटे सरळ आहेत की उलटे याची खात्री करतात आणि ‘फ्रेंच’ किंवा ‘स्विस’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात तो ठेवून देतात.